वॉल्ट्झचा चौकोन जमतो, वॉल्ट्झ जमत नाही

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघं दोन महिने क्लासला जातायत, ‘बॉक्स स्टेप’ पाठ झाली आहे, एक-दोन-तीन चुकत नाही; पण मोबाइलवर शूट करून पाहिलं की पीटीची कवायत दिसते. मग चुकतंय काय? आणि हा नाच मूळचा कुठला, व्हिएनीज वॉल्ट्झ आणि स्लो वॉल्ट्झ एकच की दोन?

पावलं बरोबर पडत असतील. चुकते ती उंची. पाऊल कुठे पडलं, याइतकंच ते पडताना शरीर वर चाललं होतं की खाली, हे वॉल्ट्झमध्ये महत्त्वाचं असतं, आणि बॉक्स स्टेप घोकताना नेमकं तेच राहून जातं. शिवाय बॉक्स जागच्या जागी फिरतो: तीन पुढे, तीन मागे, परत तिथेच. वॉल्ट्झ हा मुळात हॉलभर गिरक्या घेत पुढे सरकण्याचा नाच आहे. स्कूटर डबल स्टँडवर लावून ॲक्सिलरेटर पिळत राहावं, तसं तुमचं चाललंय. चाक फिरतंय, गाडी हलत नाही.

आधी इतिहास, कारण या दोन्ही गोष्टींची मुळं तिथे आहेत. जर्मन भाषेत ‘वाल्झेन’ म्हणजे लोळणं, गरगर फिरणं. अठराव्या शतकात ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीच्या खेड्यांतून जोडीने गिरक्या घेण्याचे अनेक नाच होते. त्यांतला लेंडलर सगळ्यांत ठाऊक असलेला: तीन मात्रांचा, उड्या मारत, जाड बूट आपटत करायचा. हे नाच व्हिएन्नात आले तेव्हा पायाखालची जमीन बदलली आणि पायातले बूटही. गुळगुळीत लाकडी फरशी आणि पातळ तळव्याचे जोडे मिळाल्यावर उडी मारायची गरजच उरली नाही. पाय घसरत जाऊ लागला, वेग वाढला. 1808 साली व्हिएन्नात उघडलेल्या अपोलो नृत्यगृहासारख्या प्रचंड दालनांत शेकडो जोड्या एकाच वेळी फिरत. 1814-15 च्या व्हिएन्ना परिषदेला युरोपभरचे राजे आणि मुत्सद्दी जमले. परिषद पुढे सरकत नाही, नुसती नाचते, असा टोमणा तेव्हाच गाजला होता. पाहुण्यांबरोबर वॉल्ट्झही घरोघरी गेला.

त्या काळी त्याला अश्लील का म्हणत, हे मिन्युएट हा आधीचा दरबारी नाच समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. मिन्युएटमध्ये जोडीदार हातभर लांब, बोटांची टोकं टेकवून, सगळ्या दरबाराकडे तोंड करून नाचत, आणि तो शिकायला उस्तादापाशी महिनोन्महिने घासावं लागे. वॉल्ट्झमध्ये दोघं एकमेकांना धरून, एकमेकांकडे तोंड करून, बाकी जगाकडे पाठ फिरवून नाचतात. वर तो चार संध्याकाळींत येतो. म्हणजे नीतिरक्षक आणि नाचाचे मास्तर, दोघांच्याही पोटावर पाय. 1816 च्या जुलैत लंडनमध्ये राजपुत्राच्या मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा ‘द टाइम्स’ने अग्रलेखात आयाबापांना इशारा दिला होता की आपल्या मुलींना या परदेशी संसर्गापासून जपा.

पुढे योझेफ लानर आणि थोरले योहान स्ट्राउस यांनी वॉल्ट्झचं संगीत घडवलं, आणि धाकट्या स्ट्राउसने (1825-1899) ते शिखरावर नेलं. त्याची ‘ब्ल्यू डॅन्यूब’ 1867 ची. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदांची एक खोड कान देऊन ऐका: साथीतली दुसरी मात्रा ते किंचित लवकर वाजवतात. त्यामुळे तीन मात्रा समान न राहता लय पुढे ओढल्यासारखी वाटते, आणि गिरकीला रेटा मिळतो.

हा झाला व्हिएनीज वॉल्ट्झ. स्लो वॉल्ट्झ त्याचा अमेरिकेतून इंग्लंडमार्गे आलेला नातू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘बॉस्टन’ नावाचा संथ प्रकार रुजला, ज्यात गिरक्या कमी आणि चाल जास्त होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडनला पोचला, पहिल्या महायुद्धापर्यंत मावळलाही; पण संथ लय आणि लांब पावलं मागे ठेवून गेला. युद्धानंतर 1919 मध्ये लंडनला हॅमरस्मिथ पॅले हे नृत्यगृह उघडलं आणि तिकीट काढून नाचायला येणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्याची त्याची तऱ्हा वेगळी, म्हणून ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी 1920 मध्ये शिक्षकांना एकत्र बोलावलं आणि पावलांचं प्रमाणीकरण सुरू झालं. 1922 साली व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क यांनी जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हाच्या वॉल्ट्झमध्ये उजवी गिरकी, डावी गिरकी आणि दिशाबदल याहून फारसं काही नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण तुम्हालाही याहून जास्त लागणार नाही. 1924 मध्ये नृत्यशिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘पाऊल, पाऊल, जोड’ याऐवजी ‘पाऊल, बाजूला, जोड’ हा साचा पक्का झाला. आज जगभर इंटरनॅशनल स्टाइल म्हणून शिकवतात ती हीच. तुमचा बॉक्स अमेरिकन पद्धतीतला प्राथमिक धडा आहे. धडा म्हणून वाईट नाही, पण त्यावर मुक्काम ठोकायचा नसतो.

दोघांतला फरक आकड्यांत बघा. तीन मात्रांचा एक बार. स्पर्धेत स्लो वॉल्ट्झ मिनिटाला 28 ते 30 बारचा, म्हणजे 84 ते 90 मात्रा. व्हिएनीज 58 ते 60 बारचा, म्हणजे 174 ते 180 मात्रा. स्लोमध्ये एका मात्रेला साधारण 0.7 सेकंद मिळतो, व्हिएनीजमध्ये त्याच्या निम्मा. या 0.7 सेकंदातच चवड्यावर चढायला, तोल कलवायला आणि सावकाश उतरायला सवड मिळते. व्हिएनीजमध्ये सहा पावलांत जवळजवळ पूर्ण गिरकी दोन सेकंदांत उरकायची असते, तिथे वर-खाली करत बसलात तर गाडी चुकलीच. म्हणून तो सपाट आणि वेगवान दिसतो, स्लो वॉल्ट्झ लाटेसारखा.

आता मराठी कानाला सोपं पडेल असं मोजमाप घेऊ. वॉल्ट्झचे दोन बार म्हणजे सहा मात्रा, म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. धा धी ना, धा तू ना. नॅचरल टर्न, म्हणजे उजवी गिरकी, बरोबर सहा पावलांची असते. लीडरचं, म्हणजे नेणाऱ्याचं, उजवं पाऊल समेवर पडतं आणि डावं चौथ्या मात्रेवर, कालावर. फॉलोअरचं, म्हणजे त्याच्यामागे जाणारीचं, उलट. समेवर डावा पाय आला तर मधे कुठेतरी वजन बदलायचं राहून गेलंय, हे न बघता कळतं. मात्र एक सवय मोडावी लागेल. आपल्याला सम ‘गाठायची’ सवय आहे, समेवर पाय ठासून पडतो. वॉल्ट्झमध्ये पहिली मात्रा हे लाटेचं तळ असतं. तिथे थांबायचं नसतं, तिथून उचललं जायचं असतं.

ही उजवी गिरकी जवळून पाहू. दिशा आधी ठरवा. हॉलमधला नाचणाऱ्या जोड्यांचा सगळा ओघ घड्याळाच्या उलट दिशेने जातो. ओघाकडे तोंड केलं की भिंत उजवीकडे आणि हॉलचा मध्य डावीकडे. लीडर भिंतीकडे तिरकं, म्हणजे ओघापासून 45 अंश उजवीकडे तोंड करून उभा आहे. वजन डाव्या पायावर, उजवा मोकळा.

मात्रा सुरू होण्याआधीच डावा गुडघा सैल होतो आणि शरीर पुढे निघतं. पाय आधी पुढे टाकून शरीर मागून ओढायचं नाही. छाती निघाली की पाय तिच्याखाली धावत येतो. एक: उजवं पाऊल पुढे, टाच आधी, मग तळवा. त्याच वेळी शरीराची डावी बाजू किंचित पुढे येते, गिरकीचं बीज ते. उंची अजून खालीच. मात्रेच्या अगदी शेवटी चढायला सुरुवात. दोन: डावं पाऊल बाजूला, फक्त चवड्यावर. एक आणि दोनच्या मधे पाव गिरकी. चढ चालू. तीन: उजवा पाय डाव्यापाशी सावकाश येऊन मिळतो, आणखी अष्टमांश गिरकी, आता पाठ ओघाकडे. इथे उंची सर्वाधिक असते. वजन पूर्णपणे उजव्या पायावर आलं की मात्रेच्या शेवटी टाच टेकवत, गुडघा मऊ ठेवत उतरायचं.

चार: डावं पाऊल मागे, चवडा आधी, मग टाच, हे पाऊल लहान. मागे जाणाऱ्याने या पावलावर टाच उचलून चढायचं नसतं. पाच: उजवं पाऊल बाजूला, चवड्यावर, पायाची टोकं मध्याकडे तिरकी. इथे पायाने तीन अष्टमांश गिरकी घेतलेली असते, शरीर थोडं मागे राहतं आणि सहावर पूर्ण होतं. सहा: डावा पाय जोडायचा, उतरायचं. एकूण 270 अंश. निघालो भिंतीकडे तिरके, आलो मध्याकडे तिरके.

फॉलोअर पहिल्या तीन मात्रांत लीडरचं चार-पाच-सहा करते आणि नंतरच्या तीनमध्ये त्याचं एक-दोन-तीन. म्हणून दोघांनीही दोन्ही भाग एकेकट्याने पाठ करावेत. ज्याला मागे जाणं स्वतः जमत नाही, तो समोरच्याला मागे जाऊ देत नाही.

आता मोबाइलमधल्या चित्रफितीत काय शोधायचं ते सांगतो. आवाज बंद करा आणि फक्त डोक्याची उंची बघा, मागे खिडकीची चौकट किंवा दरवाजाची कड असेल तर उत्तम. डोकं एका रेषेत सरकत असेल तर चढ-उतार नाहीच, तीच ती कवायत. डोकं एकवरच उसळत असेल तर चढ लवकर होतोय. उतरण्याआधीच पाय सरळ झाला की पुढच्या पावलाला ढकलायला काही उरत नाही, पाऊल आखूड पडतं. डोकं तीनवर पटकन खाली आदळत असेल तर तिसरी मात्रा पुरी न वापरता पाय लवकर जोडला जातोय. ही सर्वांत सार्वत्रिक चूक. दोनवर पाऊल टाकल्यावर पाय चटकन ओढून घेतला की अर्धी मात्रा नुसतं उभं राहावं लागतं, आणि ते उभं राहणं म्हणजेच पीटी. पाय जमिनीला घासत आणा, पूर्ण मात्रा लागली पाहिजे.

वजनाची परीक्षा सोपी आहे: तीनवर थांबा आणि मोकळा पाय इंचभर उचला. डगमगलात तर वजन दोन्ही पायांवर वाटलेलं होतं. पुढचं पाऊल चुकीच्या पायाने पडतं ते यामुळेच, ‘विसरल्या’मुळे नव्हे.

दुसरा दोष पुढच्या पावलावरच गर्रकन वळण्याचा. गिरकी एक आणि दोनच्या मधे, शरीरातून होते. लीडरने एकवर पाय बाहेर वळवून टाकला तर तो सरळ जोडीदाराच्या वाटेत येतो, मग गुडघ्याला गुडघा. आणि जो आतल्या बाजूला, म्हणजे मागे जाणारा, त्याने मोठं पाऊल टाकलं तर बाहेरच्याला त्याला वळसा घालायला दुप्पट अंतर कापावं लागतं. चारवर लीडर उदार होऊन लांब मागे गेला की बिचारी फॉलोअर धावते. मग घरी गेल्यावर ‘तू मागे पडतेस’ हे ऐकून घेते, हा निव्वळ अन्याय आहे.

धरण्याविषयी. दोघं बरोबर समोरासमोर नसतात. प्रत्येकजण स्वतःच्या डावीकडे अर्धं शरीर सरकलेला असतो, नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून बाहेर. असं उभं राहिलं की लीडरचा उजवा पाय जोडीदाराच्या दोन पायांच्या मधल्या जागेत जातो, कुणी कुणाला तुडवत नाही. लीडरचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांदेफळ्याखाली, तिचा डावा हात त्याच्या दंडावर खांद्याच्या जरा खाली, जोडलेले हात तिच्या डोळ्यांच्या उंचीला. उजव्या हाताने ओढून फिरवायचं नाही. तो हात चौकट आहे, स्टीअरिंग नव्हे. शरीर वळलं की चौकट आपोआप वळते. मागे कलणं कंबरेतून केलं तर दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. लांबी मानेत आणि पाठीच्या वरच्या भागात हवी. आणि खाली पायांकडे बघू नका. डोकं चार-पाच किलोंचं असतं, ते पुढे झुकलं की तोल तुमच्याही हातात राहत नाही आणि जोडीदाराच्याही.

तोल कलवण्याला स्वे म्हणतात. उजव्या गिरकीत लीडरचा क्रम असा: एकला सरळ, दोन-तीनला उजवीकडे, चारला सरळ, पाच-सहाला डावीकडे. तो मुद्दाम ‘करायला’ गेलात तर शरीर मोडल्यासारखं दिसतं. सायकल वळताना जशी आत कलते, तसा तो गिरकीच्या वेगातून यायला हवा. सुरुवातीचे सहा महिने याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

बॉक्समधून बाहेर पडण्यासाठी ही साखळी घ्या. उजवी गिरकी, सहा पावलं, शेवटी तोंड मध्याकडे तिरकं. मग उजव्या पायाने चेंज स्टेप: पुढे, बाजूला, जोड. आता डावा पाय मोकळा होतो. मग डावी गिरकी, रिव्हर्स टर्न, मध्याकडून निघून 270 अंश डावीकडे, शेवटी तोंड भिंतीकडे तिरकं. मग डाव्या पायाने चेंज स्टेप, आणि परत पहिल्या जागी. सहा, तीन, सहा, तीन: 18 पावलं, सहा बार, दादऱ्याची तीन आवर्तनं, साधारण 12-13 सेकंद. चेंज स्टेपचं काम फक्त पाय बदलणं, आणि त्याशिवाय एका गिरकीतून दुसरीत जाता येत नाही.

कोपरा आला की लोक गडबडतात. खरं तर तिथे काहीच वेगळं करायचं नसतं. कोपऱ्यात ओघ 90 अंश डावीकडे वळतो. उजवी गिरकी संपवून तुम्ही जुन्या ओघाच्या मध्याकडे तिरके उभे असता, आणि नेमकी तीच दिशा नव्या ओघासाठी भिंतीकडे तिरकी असते. म्हणजे चेंज स्टेप गाळा आणि लगेच दुसरी उजवी गिरकी सुरू करा. घरी जमिनीवर मास्किंग टेपने मोठा आयत आखून, कोपऱ्यांवर 45 अंशांच्या रेषा मारून हे एकदा चालून पाहिलं की डोक्यात बसतं.

जमीन आणि जोडे यांना क्लासमध्ये फारसं कुणी विचारत नाही. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून गिरकी घेतली की पाऊल जमिनीला चिकटून राहतं, शरीर वळतं आणि पीळ गुडघ्यात पडतो. सरावाला स्वेड, म्हणजे लवदार चामड्याच्या तळव्याचे डान्स शूज घ्या. पुरुषांना इंचभर टाच, बायकांना दोन-अडीच इंच. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर स्वेड सुरुवातीला घसरतो, तेव्हा तारेच्या ब्रशने तळवा खरवडून घ्यायचा. पावसाळ्यात ओल्या फुटपाथवर ते जोडे घालून आलात तर तळव्याचं पुठ्ठं होतं. हॉलवर टाल्कम पावडर टाकू नका, मागून येणाऱ्या जोडीचे पाय निसटतात.

व्हिएनीज शिकायचाच असेल तर स्लोची उजवी गिरकी न अडखळता आल्यावर. त्याची डावी गिरकी वेगळी असते: तीनवर लीडरचा डावा पाय जोडला जात नाही, उजव्याच्या पुढून काटला जातो. फॉलोअर तेच सहावर करते. व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉल या नृत्यसमारंभात पदार्पण करणाऱ्या तरुण जोड्यांना ही डावी गिरकीच यावी लागते, आणि ती उजवीपेक्षा खरोखर अवघड आहे. चक्कर येते ती बहुधा जवळच्या भिंतीवर नजर रोखल्यामुळे. नजर जोडीदाराच्या खांद्यावरून लांब ठेवा, आणि उजव्या गिरक्या अंगावर येऊ लागल्या की चेंज स्टेप घेऊन डावीकडे फिरा.

गोव्यात ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ आजही सहज दिसतो, आणि तिथले मामा-मावश्या क्लास न लावता उत्तम फिरतात. त्यांचं बघून शिकण्यासारखं एकच: पावलं लहान, गर्दीत कुणाला धक्का नाही. मांडो या गोव्याच्या नाचाला मात्र वॉल्ट्झ समजू नका. मांडोत स्त्री-पुरुष समोरासमोर ओळींत असतात, हातात पंखा, एकमेकांना न धरता.

शेवटी गाणं. लग्नाच्या वाढदिवसासाठी वगैरे गाणं निवडताना घड्याळ लावून एका मिनिटात ‘एक’ किती वेळा येतो ते मोजा. 28 ते 30 आला तर स्लो वॉल्ट्झ. 58 ते 60 आला तर व्हिएनीज. दादऱ्यातली बरीच आवडती गाणी 40 ते 50 च्या मधे पडतात. स्लोला फार जलद, व्हिएनीजला फार संथ. त्यावर सराव केला तर चढ-उतार पुरा होत नाही आणि पुन्हा कवायत सुरू होते. शिकण्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे मात्रा वाजवणारं यंत्र, मिनिटाला 84 मात्रांवर लावा, आणि एक-दोन-तीनऐवजी तोंडाने ‘खाली, वर, वर’ म्हणा.